एकवीस वर्षं आणि एक्याऐंशी दिवस : एका ग्रीन कार्ड अर्जाचा प्रकरण अभ्यास

हे कुटुंब अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहतं. वडील, आई आणि एकुलती एक मुलगी. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत आणि तारखा थोड्या सरकवल्या आहेत, मात्र दिवसांचं गणित मोडणार नाही अशा बेतानं. या प्रकरणात सगळं त्या गणितावरच अवलंबून होतं.

मी वकील नाही. माझं स्वतःचं ग्रीन कार्ड बरीच वर्षं रखडलं होतं, म्हणून इथल्या मराठी मंडळातली माणसं कागदांची फाइल घेऊन माझ्याकडे येतात. फॉर्म कुठला, दाखला कसा मागवायचा, वकिलाला काय विचारायचं, एवढंच मी सांगतो. या घराशी माझा दहा वर्षांचा घरोबा आहे आणि यातल्या एका चुकीत माझाही वाटा आहे. तो पुढे येईलच.

पार्श्वभूमी

वडील मूळचे तासगाव तालुक्यातले. पुण्यात काही वर्षं नोकरी करून २०१० मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर इकडे आले. मुलीचा जन्म मिरजेचा, ९ फेब्रुवारी २००१. आली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची सगळी शाळा इथेच झाली, रविवारी मंडळाच्या मराठी शाळेतही ती जायची. पुढे न्यू जर्सीतल्याच एका सरकारी विद्यापीठात शिकायला लागली.

मे २०१४ मध्ये कंपनीनं ग्रीन कार्डाची पहिली पायरी, म्हणजे लेबर सर्टिफिकेशनचा (या कामाला इथला माणूस मिळत नाही, अशा कामगार खात्याच्या दाखल्याचा) अर्ज भरला. तो ज्या दिवशी भरला जातो ती तुमची प्रायॉरिटी डेट. यांची १९ मे २०१४. रांगेतला नंबर म्हणजे हीच तारीख.

रांग का लागते हे थोडक्यात सांगतो. नोकरीच्या मार्गानं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं दिली जातात आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत असा कायदा आहे. भारतातून अर्ज करणारे इतके आहेत की रांग वर्षानुवर्षं हलत नाही. परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात दोन तक्ते असतात. एकात ‘फायनल ॲक्शन’ तारीख असते, म्हणजे त्याआधीची प्रायॉरिटी डेट असणाऱ्यांनाच कार्ड मिळू शकतं. दुसऱ्यात ‘डेट्स फॉर फायलिंग’, म्हणजे कार्ड लगेच मिळणार नाही, पण शेवटचा अर्ज, आय-४८५, आता भरून ठेवता येईल. हे दोन तक्ते नीट लक्षात ठेवा. या घराची सगळी घालमेल त्या दोहोंतल्या फरकामुळे झाली.

लेबर सर्टिफिकेशन मंजूर झाल्यावर २२ जानेवारी २०१५ ला कंपनीनं ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गात आय-१४०, म्हणजे या कर्मचाऱ्याला ग्रीन कार्ड द्यावं असा कंपनीचा अर्ज, भरला. तेव्हा वडिलांना वाटत होतं की जादा १,२२५ डॉलर भरून पंधरा दिवसांत निकाल देणारी प्रीमियम सेवा घ्यावी. कंपनीचा वकील म्हणाला, प्रायॉरिटी डेट त्यानं एक दिवसही पुढे येणार नाही, कशाला पैसे घालवता? त्यांनाही ते पटलं. आय-१४० साध्या वेगानं गेला आणि ६ ऑगस्ट २०१५ ला मंजूर झाला. हा निर्णय कुणीही फार विचार करून घेतला नव्हता. सात वर्षांनी तोच निर्णय मुलीच्या कामी आला.

अडचण नेमकी काय होती

आईवडिलांच्या अर्जावर मुलांना कार्ड मिळतं ते मूल म्हणून. एकवीस वर्षं पूर्ण झाली आणि लग्न झालेलं नसलं तरी कायद्याच्या लेखी ते ‘मूल’ राहत नाही. इकडे सगळे याला ‘एज-आउट’ म्हणतात. मग आईबापांना कार्ड मिळतं आणि नऊ वर्षांची असताना इथे आलेली, इथेच वाढलेली मुलगी रांगेतून बाहेर पडते. तिचा एच-४, म्हणजे एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसाही एकविसाव्या वाढदिवशी संपतो.

यावर २००२ साली झालेला एक कायदा आहे, चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट. सगळे त्याला सीएसपीए म्हणतात. त्यानुसार ज्या दिवशी व्हिसा उपलब्ध होतो त्या दिवशीचं मुलाचं वय धरायचं आणि आय-१४० जितके दिवस निकालाविना पडून होता तितके दिवस त्यातून वजा करायचे. उरलेलं वय एकवीसच्या आत असेल तर मूल वाचलं. इमिग्रेशन खात्याच्या दिरंगाईचा फटका मुलाला बसू नये हा त्यामागचा विचार आहे, आणि तो न्यायाचा आहे.

या घरात २०२० पर्यंत हा हिशोब कुणीच मांडला नव्हता. दर महिन्याला बुलेटिन निघालं की वडील पहिली ओळ बघायचे ती ईबी-२ इंडियाची. कार्ड मिळायला अजून किती वर्षं, यावर रात्री जेवताना बोलणं व्हायचं. मुलीला एकविसावं कधी लागतं, हे त्याच ताटावर कधी आलं नाही.

पहिला निर्णय : ऑक्टोबर २०२०

ऑक्टोबर २०२० च्या बुलेटिननं एकच धांदल उडवून दिली. कोविडमुळे वकिलाती बंद होत्या, कुटुंबाच्या कोट्यातले व्हिसे वापरले गेले नाहीत आणि ते पुढच्या, म्हणजे ऑक्टोबरपासूनच्या, आर्थिक वर्षात नोकरीच्या कोट्यात आले. त्या वर्षी नेहमीच्या १ लाख ४० हजारांऐवजी सुमारे २ लाख ६२ हजार व्हिसे उपलब्ध होते. ईबी-३ इंडियाची फायलिंगची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ वर गेली. ईबी-२ ची मात्र १५ मे २०११ वरच होती. म्हणजे वरच्या वर्गातली माणसं मागे आणि खालच्या वर्गातली पुढे.

पर्याय दोन होते. ईबी-२ मध्येच थांबायचं, किंवा त्याच लेबर सर्टिफिकेशनवर कंपनीकडून ईबी-३ मध्ये नवा आय-१४० भरून घ्यायचा आणि सोबत आय-४८५ जोडायचा. लोक याला ‘डाउनग्रेड’ म्हणतात. त्यात जुना ईबी-२ चा आय-१४० जात नाही, दोन्ही राहतात. आय-४८५ गेला की तिघांनाही काम करायचा परवाना आणि प्रवासाचा परवाना, ॲडव्हान्स पॅरोल, मागता येतो. मुलगी कॉलेजात होती, तिच्या इंटर्नशिपसाठी तो परवाना मोलाचा होता.

कंपनी आधी तयार नव्हती. पुन्हा कागद काढा, पुन्हा कंपनीचे ताळेबंद जोडा. वडिलांनी मॅनेजरला दोनदा भेटून, मुलीचं नाव सांगून होकार मिळवला.

खरी धावपळ झाली ती गावाकडे. वडिलांच्या जन्माच्या नोंदीत नावाच्या जागी नुसतं ‘पुरुष’ लिहिलेलं होतं. १९७४ सालची नोंद, त्या काळात बाळाचं नाव कुणी नंतर जाऊन लिहून घेत नसे. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लागतात. आजोबा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. कोविडचे दिवस, एसटी धड सुरू नव्हती. ते शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आधी शाळेत, मग नोटरीकडे गेले. आत्यानं प्रतिज्ञापत्रावर सही करताना ‘माझ्या समक्ष जन्म झाला’ या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “हे खरंच आहे की हो, यात शपथ कसली घ्यायची?” त्या कागदाची स्कॅन केलेली प्रत मी पाहिली आहे. सहीच्या बाजूला शाईचं बोट उमटलेलं आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिघांचे आय-४८५ गेले, माणशी १,२२५ डॉलर फी भरून. वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ जोडला नाही, कारण ती तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे महिनाभर वेळच मिळत नव्हती. तो नंतर दिला तरी चालत होतं.

त्या संध्याकाळी वडिलांनी मला फोन केला. म्हणाले, “दादा, अर्ज गेला. आता लेकीचं वय गोठलं ना?” मी म्हणालो, हो, अर्ज गेला की सुटलो. माझी चूक ती हीच. त्या काळात खात्याचा नियम असा होता की वय गोठतं ते फायनल ॲक्शनच्या तक्त्यानुसार, फायलिंगच्या नाही. अर्ज घेतला गेला याचा वयाशी संबंध नव्हता. मला हे ठाऊक असायला हवं होतं. निदान ‘वकिलाला विचारा’ एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. चार महिने हे घर माझ्या त्या शब्दावर निर्धास्त राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रतीक्षा

फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीच्या वकिलाशी वेगळ्याच कामाचं बोलणं चाललं असताना ही गोष्ट निघाली. मुलीला वीस पूर्ण झाली होती. एक वर्ष हातात होतं आणि ईबी-३ ची फायनल ॲक्शन तारीख अजून २०१० मध्ये होती.

एप्रिलमध्ये मिरजेला आजी कोविडनं आजारी पडली. वडिलांच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता, ॲडव्हान्स पॅरोल अजून आलेला नव्हता. गेले असते तर तो शिक्का मिळाल्याशिवाय परतता आलं नसतं आणि भारतातल्या वकिलातींत नेहमीच्या मुलाखती जवळजवळ थांबल्या होत्या. ४ मे पासून भारतातून येणाऱ्यांवर प्रवासबंदीही आली. ते अडकले असते तर नोकरी गेली असती आणि नोकरीबरोबर अर्जही. आजी फोनवर म्हणाली, “तू येऊ नगंस. पोरीचं बघ आधी.” आठवड्याभरात ती गेली. वडिलांनी दहाव्याचे विधी व्हिडिओ कॉलवर पाहिले, पहाटे साडेतीनला, बेसमेंटमध्ये, मुलीची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून.

या निर्णयाबद्दल ‘वेगळं काय करता आलं असतं’ असा प्रश्न मी विचारणार नाही. अर्जाच्या रांगेत उभं राहण्याची किंमत डॉलरमध्ये मोजत असतात, तिथे ही नोंद राहावी म्हणून लिहिलं.

उन्हाळ्यात परवाने आले. ईबी-३ ची तारीख झपाट्यानं पुढे सरकायला लागली. जुलैमध्ये १ जानेवारी २०१३, सप्टेंबरमध्ये १ जानेवारी २०१४. यांची १९ मे २०१४. साडेचार महिने उरले. आईनं गणपतीत पाण्यात देव घातल्यासारखे दिवस काढले. ऑक्टोबरमध्ये तारीख जागची हलली नाही. आणि नोव्हेंबरच्या बुलेटिननं ती थेट १५ जानेवारी २०१२ वर मागे नेली. हातातोंडाशी आलेला घास गेला. मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाला तीन महिने होते.

दुसरा निर्णय : डिसेंबर २०२१

आता तीन वाटा दिसत होत्या.

एक, मुलीनं वाढदिवसाआधी विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसावर जायचं. पण एफ-१ मागताना शिक्षण संपल्यावर परत जाण्याचा इरादा दाखवावा लागतो आणि इथे तर तिच्या नावावर कायमच्या वास्तव्याचा अर्ज प्रलंबित. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. शिवाय विद्यापीठाची फी वाढेल ही भीती.

दोन, शिक्षण अर्धवट सोडून कॅनडातल्या एखाद्या विद्यापीठात जायचं आणि तिथे नव्यानं वाट शोधायची. मुलीनं स्वतःच ही यादी काढली होती. टोरांटो, वॉटर्लू, फी, वसतिगृह. आईनं ती यादी पाहिली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

तीन, काहीच न करता आय-४८५ वर विसंबून थांबायचं. अर्ज प्रलंबित असेपर्यंत तिला इथे राहता येत होतं, कामाचा परवानाही होता. पण अर्ज नाकारला गेला तर पायाखाली काहीच नाही.

मी त्यांना एकच आग्रह केला, कंपनीचा वकील कंपनीचा असतो, मुलीसाठी स्वतंत्र वकिलाचा एक तास विकत घ्या. मागच्या चुकीनंतर स्वतः काही सांगायची माझी तयारी नव्हती.

त्या वकीलबाईंनी पाचव्या मिनिटाला विचारलं, “तुमचा ईबी-२ चा आय-१४० किती दिवस पेंडिंग होता?” हा प्रश्न सहा वर्षांत कुणीच विचारला नव्हता. वडील वर गेले आणि लोखंडी पेटीतून दोन कागद घेऊन आले. पोचपावती २२ जानेवारी २०१५ ची, मंजुरी ६ ऑगस्ट २०१५ ची. मुलीनं फ्रिजवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं आणि पेन्सिलीनं महिने मोजले. १९६ दिवस.

मग तिनं २०२२ चं नवं कालनिर्णय उघडलं आणि ९ फेब्रुवारीपासून १९६ दिवस पुढे मोजत गेली. बोट २४ ऑगस्टवर थांबलं. त्या तारखेच्या आत फायनल ॲक्शन यांच्या प्रायॉरिटी डेटपर्यंत पोचली तर ती कायद्याच्या लेखी अजून मूल होती. बुलेटिन महिन्याच्या एक तारखेपासून लागू होतं, तेव्हा खरी मुदत १ ऑगस्टची. तिनं २४ ला गोल केला आणि कालनिर्णय पुन्हा फ्रिजवर लावलं.

आता २०१५ च्या त्या प्रीमियम सेवेकडे बघा. तेव्हा १,२२५ डॉलर भरले असते तर १९६ च्या जागी फार तर १५ दिवस वजा झाले असते आणि हा गोल फेब्रुवारीच्या शेवटी पडला असता.

वकीलबाईंनी दुसरीही गोष्ट दाखवली. नव्या आर्थिक वर्षात सुमारे २ लाख ८१ हजार व्हिसे होते आणि आता ईबी-२ ची तारीख ईबी-३ च्या पुढे जाऊ लागली होती. डाउनग्रेड केला तरी जुना ईबी-२ चा आय-१४० शाबूत होता. प्रलंबित आय-४८५ चा आधार ईबी-३ वरून पुन्हा ईबी-२ वर नेता येतो. लोक त्याला ‘इंटरफाइल’ म्हणतात. अशा अर्जांसाठी खात्यानं २०२२ च्या सुरुवातीला वेगळा पत्ताही दिला. त्यासाठी कंपनीची सही असलेला ‘सप्लिमेंट जे’ हा फॉर्म, म्हणजे ही नोकरी अजून देऊ केलेली आहे याची कबुली, लागणार होता.

त्यांनी तिसरी वाट धरली, पण नुसती बसून राहण्याची नव्हे. कॅनडाची यादी मुलीनं फाडली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवली. त्याच महिन्यात वडिलांना दुसऱ्या कंपनीकडून चांगल्या पगाराची नोकरी आली होती, ती त्यांनी नाकारली. कायद्यानं ते बदलू शकले असते, पण सही लागणारी कंपनी त्या घडीला सोडायची त्यांची तयारी नव्हती.

मे ते ऑगस्ट २०२२

९ फेब्रुवारीला मुलगी एकवीस वर्षांची झाली. एच-४ संपला. केक आणला होता, पण मेणबत्त्या लावायला तिनंच नको म्हटलं.

एप्रिलमध्ये ईबी-२ ची तारीख ८ जुलै २०१३ होती. मे महिन्याचं बुलेटिन निघालं आणि ती १ सप्टेंबर २०१४ वर आली. एका महिन्यात वर्षाहून पुढे. १ मे २०२२ रोजी मुलीचं वय एकवीस वर्षं आणि एक्याऐंशी दिवस होतं. १९६ वजा केले की एकवीसला ११५ दिवस कमी. ती वाचली होती.

निदान कागदावर. इंटरफाइलचा अर्ज ‘सप्लिमेंट जे’सह मेच्या पहिल्या आठवड्यात गेला. त्यासोबत मुलीनं एक पान जोडायचा हट्ट धरला. कंपनीच्या वकिलाच्या मते त्याची गरज नव्हती, खातं हिशोब स्वतः करतं. ती ऐकेना. पानावर पाच ओळी होत्या: जन्मतारीख, आय-१४० ची पोचपावती, मंजुरी, व्हिसा उपलब्ध झाल्याची तारीख आणि वजाबाकी. मागे तिन्ही कागदांच्या प्रती. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तो होता. हजारो फाइलींतून जाणाऱ्या अधिकाऱ्यापुढे एकविशी ओलांडलेल्या मुलीची फाइल आली तर पहिली नजर वाढदिवसावर जाते. तिथेच हिशोब हाताशी असावा.

जूनमध्ये वैद्यकीय तपासणीची मागणी आली. आता कोविडची लसही सक्तीची होती. आईची क्षयाची रक्तचाचणी पॉझिटिव्ह निघाली. आपल्याकडच्या माणसांत ही गोष्ट नवी नाही, लहानपणी कधीतरी जंतूशी गाठ पडलेली असते आणि आजार नसतो. पण त्यामुळे छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांची दुसरी भेट, यात दहा दिवस गेले. डॉक्टर अहवाल बंद लिफाफ्यात देतात आणि तो घरी उघडायचा नसतो. तीन लिफाफे आठवडाभर देवघराच्या खणात राहिले आणि ७ जुलैला पोस्टात पडले.

९ ऑगस्टला वडिलांचा आणि आईचा अर्ज मंजूर झाला. मुलीचा नाही. तिघांच्या फाइली वेगवेगळ्या हातांत असू शकतात हे त्यांना माहीत होतं, तरी जीव टांगणीला लागला. आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपणार होतं आणि व्हिसे त्याआधीच संपतील अशी चर्चा होती. कार्डं टपालानं आली तेव्हा आईनं दोन्ही लिफाफे न उघडता त्याच खणात ठेवले. म्हणाली, “तिघांचे एकदमच उघडू.”

२४ ऑगस्टला मुलीनं मला फोन केला. “काका, आज तो गोल केलेला दिवस आहे.” वय १ मेलाच गोठलं आहे हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, गणित तिनंच मांडलं होतं. तरी फोनवर रडत होती. मी तिला ते गणित पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणायला लावलं, जन्मतारखेपासून.

२६ ऑगस्टला तिचा अर्ज मंजूर झाला. ६ सप्टेंबरला त्या वर्षाचे ईबी-२ चे सगळे व्हिसे संपले. ऑक्टोबरच्या बुलेटिनमध्ये तारीख १ एप्रिल २०१२ वर मागे गेली, डिसेंबरमध्ये ८ ऑक्टोबर २०११ वर. उघडलेलं दार चार महिनेच उघडं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

प्रीमियम सेवेबाबत हे घर बचावलं ते योगायोगानं, आणि मला तो योगायोग अस्वस्थ करतो. मूल दहा-बारा वर्षांचं असतानाच हा विचार व्हायला हवा होता. तेव्हा एकविसावं फार लांब वाटतं. पण आय-१४० साध्या वेगानं पाठवायचा की पैसे भरून, हे ठरतं तेव्हाच, नंतर नाही. ज्यांना मूल नाही किंवा तान्हं आहे त्यांच्यासाठी प्रीमियम चांगलाच, नोकरी बदलताना तर फारच. सरसकट सल्ला इथे चालत नाही.

मुलीला एफ-१ वर न्यायचंच असेल तर ते आय-४८५ भरण्याआधी. २०१९ मध्ये ती कॉलेजात गेली तेव्हा तिच्या नावावर कुठलाच अर्ज प्रलंबित नव्हता. त्या वेळी एका वकिलाशी बोलून किमान हा पर्याय समजून घेता आला असता. नंतर तो जवळजवळ मिटला. फी वाढेल या भीतीनं त्यांनी विचारही केला नाही, आणि फी खरंच किती वाढली असती हे विद्यापीठाच्या कचेरीत विचारलंही नाही.

स्वतंत्र वकिलाचा तो एक तास दोन वर्षं आधी घ्यायला हवा होता. कंपनीच्या वकिलानं काहीही चुकीचं सांगितलं नाही. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्यानं दिलं. त्याच्यापुढे फाइल कर्मचाऱ्याची होती, मुलीची नव्हती.

वैद्यकीय तपासणीसाठी ते मागणी येईपर्यंत थांबले, पण लसींच्या नोंदी जमवून ठेवणं आणि आईची रक्तचाचणी आधी स्वतःच्या डॉक्टरांकडे करून घेणं शक्य होतं. ते दहा दिवस वाचले असते. सप्टेंबर तोंडावर असताना दहा दिवस कमी नव्हेत.

आणि माझ्यापुरतं, आता कुणी ‘वय गोठलं ना’ म्हणून विचारलं तर मी आधी विचारतो, कुठल्या तक्त्यानुसार. कारण हा नियम त्यानंतर दोनदा फिरला आहे. १४ फेब्रुवारी २०२३ ला खात्यानं वय मोजण्यासाठी फायलिंगचा तक्ता धरायला सुरुवात केली, आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून भरलेल्या अर्जांसाठी पुन्हा फायनल ॲक्शनचा.

तो बदल जाहीर झाला त्या आठवड्यात मुलीचा फोन आला. ती आता नोकरी करते, जर्सी सिटीत राहते. तिचं ते पाच ओळींचं पान कोरं करून मी मंडळातल्या आईबापांना देत असतो, हे तिला माहीत होतं. म्हणाली, “काका, चौथी ओळ बदला. व्हिसा उपलब्ध झाल्याची तारीख, आणि पुढे कंसात तक्ता कुठला ते लिहायला जागा ठेवा.” रात्री तिनं दुरुस्त केलेलं पान पाठवलं. सगळ्यात वर तिनं एक ओळ वाढवली होती, मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाची.